न पोचलेल्या निरोपाची पोच

तुम्ही हे कॉम्प्युटरचं कुठं शिकलात, असं मला कुणी विचारलं की मी तासभर बोलते. वालचंदनगरच्या क्वार्टर्समधलं आमचं दोन खोल्यांचं घर, वडील कारखान्यात फिटर, बारावी झाली की लग्न करून बारामतीला आले, इथपासून सुरुवात करते. टायपिंगच्या क्लासात शिकवायला लागले, मग तिथली टाइपरायटरं गेली आणि त्याच टेबलांवर कॉम्प्युटर आले. ते बंद पडले की उघडून बघायचं धाडस एकट्या माझ्यात होतं. चाळिशी उलटल्यावर शेजारी डिक्शनरी ठेवून जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचली, ते सांगते. ऐकणारे कौतुक करतात. मला ते आवडतं, खोटं कशाला सांगू.

पण या गोष्टीतला एक तुकडा मी कायम गाळत आले. माझ्या मुलीलासुद्धा तो धड सांगितलेला नाही. आता साठी ओलांडली, काम जवळजवळ बंद केलं, तर म्हणलं तेवढा एक लिहून काढावा. लिहिताना तरी मधे कुणी कौतुक करणार नाही.

बारामतीत आमचं तीन माणसांचं छोटं ऑफिस होतं. मालक, हिशोब बघणारा एकजण आणि प्रोग्रॅम लिहिणारी मी. इंदापूर तालुक्यातल्या एका दूध संघाचं काम आमच्याकडं होतं. संघाचं नाव लिहीत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. गावोगाव आणि वस्त्यांवर त्यांची दूध संकलन केंद्रं होती. सकाळ-संध्याकाळ लोक किटल्या-कॅन घेऊन यायचे, वजन व्हायचं, फॅट लागायची, कॉम्प्युटरवर नोंद व्हायची. गाय आजारी असली तर केंद्रावरचं माणूस डॉक्टरांना फोन लावायचं. डॉक्टर कुठल्यातरी गोठ्यात खांद्यापर्यंत हात भरून उभे, फोन वाजून वाजून बंद पडायचा. मग संघानं एका जनावरांच्या डॉक्टरांच्या संस्थेशी बोलणं केलं आणि ठरलं की केंद्रावरून बटण दाबलं की निरोप थेट डॉक्टरांच्या मोबाईलवर जायचा. तो निरोप नेण्याचं काम माझ्याकडं आलं.

आता यात तीन प्रोग्रॅम होते आणि तीन ठिकाणी होते. केंद्रावरचा दूध मोजायचा. संघाच्या ऑफिसातल्याला सभासद आणि त्यांची जनावरं माहीत. डॉक्टरांच्या संस्थेतल्याला कुठला डॉक्टर कुठं फिरतोय ते माहीत. मालकांना वाटत होतं की सगळं मोडून एकच मोठा प्रोग्रॅम करावा. मी नको म्हणलं. मी चार जावांच्या घरात नांदलेली बाई आहे. आमच्याकडं एकीकडं चूल, एकीकडं गोठा, एकीकडं धान्याची खोली. डाळ लागली तर मी मोठ्या जावेच्या खोलीत शिरून डबे धुंडाळायचे नाहीत, तिला सांगायचं, वहिनी, दोन मुठी डाळ द्या. तिनं डबा कुठं ठेवलाय, कसा लावलाय, याच्याशी मला काय करायचंय? मागितलं की मिळालं, संपलं. तिनं उद्या डब्यांची जागा बदलली तरी माझं अडत नाही. पुस्तकात हीच गोष्ट शेकडो पानं लिहिली होती, त्याला ते सर्व्हिस म्हणत होते. ज्यानं त्यानं आपलं काम सांभाळायचं, दुसऱ्याचं लागलं तर ठरलेल्या शब्दांत मागायचं. कोणत्या शब्दांत मागायचं याचा एक लेखी करार असतो, तो दोन्ही बाजूंनी पाळायचा.

निरोप जायचा तो लिफाफ्यातून. कागदाचा लिफाफा नव्हे, पण धर्म तोच. वरच्या भागात निरोप कुणाकडून आला आणि त्याचा नंबर काय. आतल्या भागात मजकूर: सभासद अमुक, गाय अमुक, काय होतंय. समोरचा तो वाचून उलट लिफाफा पाठवतो. एक तर "घेतला" म्हणून, नाहीतर "घेता येत नाही" म्हणून, आणि का घेता येत नाही त्याचं कारण आत. या पद्धतीला सोप म्हणतात. मी घरी दिवसातून दहा वेळा सोप सोप करायचे तर धाकट्या जावेला वाटलं मी साबणाची एजन्सी घेतलीय. तिनं नमुन्याच्या दोन वड्या मागितल्या.

काम सुरू झालं आणि पहिल्या महिन्यात माझा जीव मेटाकुटीला आला. डॉक्टरांच्या संस्थेचं मशीन कधी बंद, कधी धीमं. ते बंद असलं की माझा प्रोग्रॅम प्रामाणिकपणे केंद्रावर सांगायचा की निरोप गेला नाही. पडद्यावर तांबड्या अक्षरात इंग्रजी ओळी यायच्या. केंद्रावरची माणसं घाबरून मला फोन करायची. सकाळी सहा ते आठ माझा एक हात पिठात आणि एक फोनवर. काकू, तांबडं आलंय. काकू, आता काय दाबू. मी सांगायचे, पाच मिनिटांनी परत पाठव. तो पाठवायचा, परत तांबडं. संघाच्या साहेबांनी मालकांना बोलावून विचारलं की हे यंत्र दवाखान्याचं आहे का तक्रारींचं. मालकांनी मला तेच वाक्य आणून दिलं.

तेव्हा मी जे केलं ते असं. आमच्याकडं एक रीत आहे. घरधनी रानात गेलेला असतो आणि वस्तीवरनं कुणी निरोप घेऊन येतं. दारात जी बाई असेल ती म्हणते, व्हय, सांगते. मग तो माणूस निर्धास्त होऊन जातो. ते घरी नाहीत, निरोप त्यांच्यापर्यंत जाईल का ते मला ठाऊक नाही, असं सांगून कुणी कुणाला दारातनं माघारी लावत नाही. वाईट दिसतं. मीही उभा जन्म तेच केलं, आणि निम्मे निरोप सांगायचे राहून गेले असतील, देव जाणे.

तीच रीत मी प्रोग्रॅममध्ये घातली. केंद्रावरून निरोप आला की संघाच्या मशीननं तो ठेवून घ्यायचा आणि लगेच पोच द्यायची. मग मागच्या मागं डॉक्टरांच्या संस्थेला द्यायचा प्रयत्न करायचा, न जमल्यास थोड्या वेळानं परत, असं तीनदा. तीनदा न जमल्यास तो निरोप एका बाजूच्या फोल्डरमध्ये टाकायचा. तिथं मी बारामतीतूनच लाइनवरून रोज बघायचं, असं माझं मीच ठरवलं होतं. एवढ्यापर्यंत पद्धत वाईट नाही, मोठमोठे लोक असंच करतात. पण ते पोच देताना म्हणतात, निरोप ठेवून घेतलाय, पुढं दिलेला नाही. मी तसं लिहिलं नाही. मला ते कोरडं वाटलं. सकाळच्या गारठ्यात घाबरलेलं माणूस केंद्रावर आलंय, त्याला बरं वाटावं म्हणून मी पडद्यावर मराठीत हिरव्या अक्षरांत दोन वाक्यं लिहिली. "निरोप पोचला. डॉक्टर येत आहेत."

डॉक्टर येत आहेत हे माझ्या प्रोग्रॅमला कुठून ठाऊक असणार? त्याला ठाऊक नव्हतं. ते मी आपलं प्रेमानं लिहिलं.

फोन बंद झाले. केंद्रांवर सगळे खूश. संघानं सूचना काढली की आता डॉक्टरांना परस्पर फोन करायचा नाही, यंत्रातूनच कळवायचं. वर्षाच्या सभेत मला शाल-श्रीफळ दिलं. एकही तक्रार नाही म्हणून साहेबांनी भाषणात सांगितलं, आणि मी खाली बसून पदर सावरत हसत होते. तोपर्यंत ते बाजूचं फोल्डर उघडायचं मी सोडून दिलं होतं. पहिला महिनाभर रोज बघितलं, दोन-चार निरोप असायचे, मी हातानं पुढं ढकलायचे. मग काहीच नसायचं. मग आठवड्यातून एकदा. मग आठवण झाली तर.

त्यानंतर डॉक्टरांच्या संस्थेनं करार बदलला. जनावराच्या कानात तो पिवळा बिल्ला असतो, त्याच्यावरचा नंबर आता निरोपात लागेल, नसला तर निरोप घेतला जाणार नाही, असं त्यांनी मेल करून कळवलं होतं. तारीखही आधी दिली होती. इंग्रजी जड जातं म्हणून राहिलं, असं मी म्हणू शकते, लोक मानतीलही. पण ते खरं नाही. मी मेल उघडला, पहिला परिच्छेद वाचला, पुढं बघू म्हणलं आणि बंद केला. बिल्ल्याचे नंबर संघाच्या मशीनमध्ये तयार होते. निरोपात ते घालायला मला अर्धा तास लागला असता.

निमगाव केतकीच्या अलीकडं एका वस्तीवर संघाचं एक केंद्र होतं. ते चालवणाऱ्या बाईला सगळी वस्ती वहिनी म्हणायची, म्हणून मीही इथं वहिनीच लिहिते, तशी ती माझ्या मुलीच्या वयाची. नवरा गेलेला, घरात सासू आणि शाळेत जाणारी मुलगी. केंद्राचं काम तिनं फार नेटानं उचललं होतं. यंत्रावर मी शिकवलेलं तिच्याइतकं लवकर कुणालाच आलं नव्हतं. मला काकू म्हणायची.

त्याच वस्तीवर एक तात्या. जन्मभर मेंढरं घेऊन फिरलेले, उतारवयात मेंढरं विकून दोन गायी घेतल्या आणि थोडा ऊस लावला. त्यातली मोठी गाय आदल्या दिवशी व्यालेली. सकाळी तात्या केंद्रावर आले ते किटली न घेताच. गाय उठत नव्हती, मान पोटाकडं वळवून बसलेली, कान गार पडलेले. ज्यानं दुभती जनावरं पाळलीत त्याला हे ठाऊक असतं. अंगातलं कॅल्शियम दुधात उतरतं आणि जनावर बसतं. वेळेत शिरेतून बाटली लागली तर ते तासाभरात उठून उभं राहतं आणि वैरणीला तोंड लावतं. न लागली तर जातं.

वहिनीनं निरोप टाकला. पडद्यावर माझी दोन वाक्यं आली. तात्या म्हणत होते की पुतण्याची गाडी काढतो आणि इंदापूरहून खाजगी डॉक्टर घेऊन येतो. वहिनीनं त्यांना थांबवलं. तिनंच मला नंतर सांगितलं, शब्दाला शब्द. ती म्हणाली होती, "कशाला पळताय तात्या, पोच आलीया. डॉक्टर येत्यात. तुमी गाईपाशी बसा."

तात्या गायीपाशी बसले. दहा वाजले, अकरा वाजले. बारानंतर वहिनीनं परत निरोप टाकला, परत तीच पोच. मग तिनं सूचना मोडून डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर पलीकडच्याच वस्तीवर होते. ते म्हणाले, मला तुमचा निरोपच नाही. गाडी दामटत दहा मिनिटांत आले. तोवर गाय गेली होती.

यानंतर जे झालं ते त्या गायीपेक्षा मला जास्त डाचतं. गाय माझ्या दुर्लक्षानं गेली. पुढचं मी बघून-समजून केलं.

दोन दिवसांनी इंदापूरला संघाच्या ऑफिसात बैठक बोलावली. मी सकाळी निघायच्या आधी ते बाजूचं फोल्डर उघडलं. अकरा निरोप होते. अकराही मेलमधल्या त्या तारखेपासूनचे, अकराहींवर एकच कारण, बिल्ल्याचा नंबर नाही. त्यात वहिनीचे दोन. एक सकाळी सहा चाळीसचा, एक दुपारी बारा दहाचा. बाकीच्या नऊ ठिकाणी, हे मला मागाहून कळलं, लोकांनी वाट बघून कुणा ना कुणाला बोलावून आणलं होतं आणि निभावलं होतं. मी तिथल्या तिथं बिल्ल्याचा नंबर निरोपात घातला, अकराही निरोप दुसरीकडं हलवले, कॉम्प्युटर बंद केला आणि एसटी पकडली. वाटेत स्वतःला सांगत होते की सांगायचं, पण साहेबांना एकटं गाठून सांगायचं.

बैठकीत साहेब, आमचे मालक, डॉक्टरांच्या संस्थेचा एक माणूस, तात्यांचा मुलगा आणि एका कडेच्या खुर्चीवर वहिनी. संस्थेच्या माणसानं त्या दिवशी घेतलेल्या निरोपांची यादी छापून आणली होती. तीत वहिनीच्या केंद्राचं नावच नव्हतं. वहिनी म्हणाली, मी टाकला होता, पोच आली होती. पण पोच पडद्यावर येते आणि पुसली जाते, तिच्याकडं दाखवायला काही नव्हतं. साहेबांनी माझ्याकडं वळून विचारलं, "मॅडम, तुमचं यंत्र काय म्हणतंय?"

मी म्हणलं, "डॉक्टरांच्या बाजूला त्या दिवशी असा निरोप नोंदलेला नाही."

यातला एकही शब्द खोटा नाही. हे वाक्य मी कसं जुळवलं ते मला अजून आठवतं. एसटीत जुळवलं नव्हतं, तिथंच बसल्या बसल्या आपोआप जुळलं, इतकं सफाईनं की मालकांनी मान डोलावली.

वहिनी माझ्याकडं बघत होती. रागानं नव्हे, शाळेत अडलेलं पोर बाईंकडं बघतं तसं. ती म्हणाली, "काकू, टाकला की पोच येती न्हवं?"

मी म्हणलं, "टाकला असेल तर येते."

साहेबांनी पुढं काही विचारलं नाही. तिला केंद्रावरून कमी केलं आणि तिथं तिचा एक चुलत दीर बसवला. वस्तीवर बोलणं झालं की वहिनी निरोप टाकायचं विसरली आणि अंगावर येतंय म्हणल्यावर पोच आली म्हणून रेटून सांगत सुटली. साहेबांना एकटं गाठायचं ते मी त्या दिवशी गाठलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. बारामतीला आल्यावर मी कामं काढत राहिले. पडद्यावरची ती दोन वाक्यंही तेवढ्यात बदलून टाकली. आता तिथं येतं: "निरोप संघात आला आहे. डॉक्टरांनी अजून घेतलेला नाही." डॉक्टरांनी घेतला की मगच दुसरी ओळ येते. सगळं नीट केलं. म्हणजे कुणी तपासायला आलं तर काही सापडू नये इतकं नीट. कुणी आलंच नाही. माझ्यावर संशय घ्यावा असं कुणाला वाटलंच नाही, आणि त्याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे लिहिताना आता हात अडतो.

दोन महिन्यांनी तिचा फोन आला. मी नंबर बघितला आणि वाजू दिला. परत आला तेव्हा उचलला. मनाशी म्हणलं, आता भांडेल. भांडली असती तर मी काय केलं असतं कोण जाणे, कदाचित तिला चार शब्द उलट सुनावले असते. पण ती म्हणाली, "काकू, कामात हाय का? मला दुसऱ्या डेअरीत बोलावलंय, तितं बी कॉम्प्युटरच हाय. माझं त्या दिवशी कुठलं बटण चुकलं तेवढं सांगा. म्हंजी परत न्हाय व्हायचं माझ्या हातनं."

मी म्हणलं, उद्या येते. फोनवर तेवढंच जमलं.

दुसऱ्या दिवशी ते दोन निरोप कागदावर छापून घेतले आणि निमगावच्या गाडीत बसले. ती घरी नव्हती. सासूनं सांगितलं पानमळ्यावर आहे. केंद्र सुटल्यापासून ती रोजानं पानमळ्यात जात होती. मांडवाखाली विड्याची पानं लावत बसलेली, पुढ्यात ओलं फडकं. मला बघून उठली, हात पुसले, बसायला पोतं सरकवलं. मी कागद तिच्या हातात दिले. तिनं आधी केंद्राचा नंबर वाचला, मग वेळ.

"दोनी हायत की यात," ती म्हणाली. "म्हंजी मी टाकलं व्हतं."

हे ती मला सांगत नव्हती, स्वतःला सांगत होती. मग मी सगळं सांगितलं, मेलपासून. शेवटी तिनं विचारलं, "तुमाला कवापासनं म्हाईत हाय?"

"बैठकीच्या दिवशी सकाळपासून."

ती खाली बसली आणि परत पानं लावायला लागली. देठाकडं देठ, एकावर एक. मग खाली बघूनच म्हणाली, "सासूनं इचारलं, खरंच टाकला व्हतास का. लेकीनं इचारलं. दोन म्हयनं झालं, मीच मला इचारतीया. डोळ्यानं हिरवी अक्षरं बघितल्याली, तरी वाटायला लागलं, आपल्यालाच भास झाला आसंल."

मी म्हणलं, मी साहेबांना सांगते, लेखी देते. मी रडायला लागले होते. तिनं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही आणि बरं केलं.

"साहेबाला सांगा न्हायतर नगा सांगू," ती म्हणाली. "मला साहेबानं खोटी म्हणलं न्हाय. वस्तीनं म्हणलंय. उद्या सकाळी दुधाच्या टायमाला केंद्रावर या आन् तितं सांगा, समद्यांम्होरं."

पुढचं आधीच सांगून टाकते. त्या संध्याकाळी मी मालकांना आणि साहेबांना फोनवर खरं सांगितलं. मालकांनी मला कामावरून काढलं नाही, पण त्यानंतर संघाच्या कामाला कधी मला पाठवलंही नाही. साहेब म्हणाले, चूक कबूल करणारं पत्र द्या, वस्तीवर मात्र जाऊ नका, उगाच लोक डोक्यात राख घालतील. महिन्याभरात वहिनीला केंद्रावर परत बोलावलं. तिनं चार दिवस विचार करून होकार दिला. अडचण आली की ती आता ऑफिसात फोन करते. मी उचलला तर मॅडम म्हणते, काम सांगते आणि ठेवते.

तर ती सकाळ. बारामतीहून पहिल्या गाडीनं गेले. केंद्रावर पंधरा-वीस माणसं, किटल्या ओळीनं लावलेल्या, आत तिचा दीर वजन घेत होता. वहिनी आपल्या घरची किटली घेऊन ओळीत उभी होती, इतर सभासदांसारखी. तिनं मला बघितलं आणि दुसरीकडं तोंड केलं. तात्या ओळीच्या मधे होते.

मला भाषणं येतात. त्या दिवशी काही आलं नाही. मी म्हणलं, मी बारामतीची, हे निरोपाचं यंत्र मी केलंय. तात्यांच्या गायीचा निरोप वहिनीनं दोनदा टाकला होता. तो माझ्या चुकीनं वाटेतच अडकला आणि यंत्रानं पोचला म्हणून सांगितलं. ते खोटं सांगायला मीच त्याला शिकवलं होतं. आणि हे माहीत असून मी साहेबांपुढं बोलले नाही. मी कागद पुढं केले, पण घ्यायला कुणी हात केला नाही. दिरानं आत वजन घ्यायचं थांबवलं होतं.

एक म्हातारी म्हणाली, मग एवढे दिवस ही बया तोंडात काय धरून बसली होती. तिनं ते मला विचारलं नाही, शेजारणीला विचारलं.

तात्या बोलले ते बरंच बोलले, पण आवाज चढवून नाही. त्यांनी सांगितलं की ते मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचे, तेव्हा वाटेत भेटेल त्याच्याजवळ घरी निरोप द्यायचे. माणूस सांगतो म्हणायचा आणि जायचा. पण घरनं कुणाच्या तरी तोंडी उलट निरोप आल्याशिवाय तो पोचला असं ते धरायचे नाहीत, आणि पुढचं पाऊल त्या हिशोबानं टाकायचे. एवढं साधं त्यांच्या बापानं त्यांना शिकवलं होतं. मी जे पुस्तकातनं वर्षभर शिकले आणि तरी मोडलं, ते त्या माणसानं ओळीत उभं राहून चार वाक्यांत सांगितलं. मग म्हणाले, "मशिनीवर इस्वास टाकला म्हून बसलो. त्या दिशी गाडी काढली असती, तर गाय राहिली असती का?"

गोल बोलायला जागा होती. जनावराचं सांगता येत नाही, डॉक्टर वेळेत मिळाला असता का, असं काहीही म्हणता आलं असतं. वहिनी आता माझ्याकडं बघत होती.

"राहिली असती, तात्या," मी म्हणलं.

त्यांनी मान हलवली. किटली उचलून ओळीत एक पाऊल पुढं सरकले आणि आत दिराला म्हणाले, घे बाबा वजन, उन्हात दूध तापतंय.